त्याच कंपनीच्या खोलीतली चौकशी : अमेरिकन रेल्वेतल्या शिस्तीच्या तंट्यांचा इतिहास

आजचा विषय वरवर पाहिला तर रुक्ष वाटेल. रेल्वेतल्या एका माणसाला साहेबाने कामावरून काढलं. साहेब म्हणतो, याने नियम मोडला. माणूस म्हणतो, मी मोडला नाही, किंवा मोडला असला तरी नोकरी घेण्याइतका तो गुन्हा नव्हता. आता हे ठरवायचं कोणी? एवढाच प्रश्न. पण या एवढ्याशा प्रश्नासाठी अमेरिकेत संप झाले, कायदे झाले, सुप्रीम कोर्टाचे डझनावारी निकाल लागले. आणि शेवटी जी व्यवस्था उभी राहिली ती आपल्याला पहिल्या नजरेत चमत्कारिक वाटेल अशीच आहे.

चमत्कारिक अशासाठी, की आरोप कंपनीने ठेवायचा, चौकशी कंपनीच्याच अधिकाऱ्याने घ्यायची, आणि निकालही कंपनीनेच द्यायचा. त्याच्यावर अपील आहे, पण अपील ऐकणारं मंडळ एकाही साक्षीदाराला समोर बोलावत नाही, फक्त कागद वाचतं. स्वतःच्या खटल्यात कोणी स्वतः न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. इथे ते पहिल्याच पायरीवर मोडलेलं दिसतं. आणि तरीही ही व्यवस्था कामगार संघटनांनी लढून मिळवलेली आहे. हे असं का झालं, ते आज पाहायचं.

आधी एक खुलासा. आपल्याकडे रेल्वेचा माणूस हा सरकारी नोकर. त्याच्या पाठीशी संविधानाचं 311 वं कलम आहे, 1968 चे शिस्त व अपील नियम आहेत. अमेरिकेत रेल्वे कंपन्या खाजगी. तिथल्या माणसाच्या पाठीशी सुरुवातीला काहीच नव्हतं. जे काही आलं ते करारातून आलं, आणि नंतर त्या कराराला कायद्याने टेकू दिला. दुसरं म्हणजे, तिकडे इंजिन चालवणाऱ्याला इंजिनियर म्हणतात, आपण त्याला ड्रायव्हरच म्हणू. आणि आपला गार्ड म्हणजे साधारण त्यांचा कंडक्टर.

एकोणिसाव्या शतकातली रेल्वे डोळ्यांसमोर आणा. कारखान्यात मुकादम डोक्यावर उभा असतो. रेल्वेत ड्रायव्हर आणि साहेब यांच्यात शंभर मैलांचं अंतर. साहेबाला दिसत काहीच नाही, मग भरवसा कशावर? नियमांच्या पुस्तकावर. शिट्टी कधी वाजवायची, बाजूच्या रुळावर कधी थांबायचं, दारू कधी प्यायची नाही (हा तो प्रसिद्ध 'जी' नियम), सगळं लिहिलेलं. आणि कडकपणाला कारण होतं. 1889 साली संपणाऱ्या वर्षाचे सरकारी आकडे सांगतात की प्रत्यक्ष गाडीवर काम करणाऱ्या दर 117 माणसांमागे एक माणूस त्या एका वर्षात मेला. 1891 मध्ये ओहायो राज्यात किप्टन इथे दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. एका ड्रायव्हरचं घड्याळ चार मिनिटं बंद पडून पुन्हा सुरू झालं होतं, असं चौकशीत निघालं. त्यानंतर घड्याळांचीसुद्धा तपासणी सुरू झाली. म्हणजे शिस्त ही नुसती मालकाची लहर नव्हती. एकाची चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतत होती, आणि हे कामगारांना साहेबापेक्षा जास्त ठाऊक होतं.

पण शिक्षा कशी द्यायचे? दोनच प्रकार. काढून टाकायचं, नाहीतर बिनपगारी घरी बसवायचं, दहा दिवस, तीस दिवस, साठ दिवस. आता तीस दिवस पगार नाही म्हटल्यावर वाण्याची उधारी, घरभाडं, मुलांचं दूध, हे सगळं कोणी सोसायचं? चूक त्याची, उपास बायकोमुलांना. न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया राज्यांत फॉल ब्रूक नावाची एक लहान रेल्वे होती. तिचे एक वरिष्ठ अधिकारी जॉर्ज ब्राऊन यांना हे खटकलं. 1880 च्या दशकात त्यांनी घरी बसवणं बंदच केलं. त्याऐवजी प्रत्येकाच्या नावाचं एक खातं उघडलं. चूक झाली की खात्यावर काळे गुण, चांगलं काम झालं की ते कमी व्हायचे. आणि झालेली चूक फलकावर लिहून लावायची, पण नाव न लिहिता. सगळ्यांनी शिकावं, एकाची नाचक्की नको.

ही पद्धत पुढे बऱ्याच रेल्वे कंपन्यांनी उचलली. अनेक ठिकाणी साठ गुण भरले की नोकरी गेली, असा हिशेब होता. कामगारांनी त्या गुणांना ब्राऊनसाहेबांचंच नाव चिकटवलं, 'ब्राउनी' म्हणू लागले. आम्हाला हे ब्राऊन फार महत्त्वाचे वाटतात. शिक्षा म्हणजे वेदना असलीच पाहिजे का, नुसती नोंद पुरेल का, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी विचारण्याजोगा. तो रेल्वेच्या एका साहेबाने विचारला आणि वह्या आखून त्याचं उत्तरही दिलं. पण त्यांच्या पद्धतीत एक भोक राहिलं. खात्यावर गुण चढवताना माणसाचं म्हणणं ऐकायचं की नाही? ते साहेबाच्या मर्जीवर.

ते भोक बुजवायला संघटना पुढे आल्या. ड्रायव्हरांचं बंधुमंडळ 1863 चं, कंडक्टरांचं 1868 चं, फायरमनांचं 1873 चं. या मुळात विमा मंडळ्याच होत्या म्हणा, कारण रेल्वेवाल्याचा विमा उतरवायला बाहेर कोणी तयार नसायचं. पुढे त्यांनी कंपन्यांशी लेखी करार केले, आणि त्या करारांत एक वाक्य ठाण मांडून बसलं : न्याय्य आणि निःपक्षपाती चौकशी झाल्याशिवाय कोणाला शिक्षा होणार नाही. वाक्य सुंदर आहे. पण चौकशी कोण घेणार? कंपनीच. कारण बाहेरच्या माणसाला त्या खोलीत येऊ देणं मालकांना परवडणारं नव्हतं, आणि तेव्हा संघटनांना तेवढंही पुष्कळ वाटलं.

ज्यांना संघटना नव्हती, किंवा जे फार पुढे गेले, त्यांचं काय झालं ते 1894 च्या पुलमन संपानंतर दिसलं. संप मोडला, आणि संपवाल्यांना दुसरीकडेही काम मिळेना. नवीन ठिकाणी जाताना जुन्या कंपनीचा दाखला लागायचा. कामगारांमध्ये अशी गोष्ट सांगितली जायची की दाखल्यावरचा मजकूर चांगलाच असतो, पण कागद उजेडात धरला की आत मान मोडलेल्या करकोच्याचं चित्र दिसतं. तो कागद ज्याच्या हातात, त्याला कोणी घेत नाही. गोष्ट किती खरी हा वेगळा प्रश्न. ती सांगावीशी वाटली, यातच सगळं आलं.

1898 मध्ये एर्डमन कायदा झाला. संघटनेचा सभासद आहे म्हणून रेल्वेवाल्याला काढणं हा गुन्हा ठरला. दहा वर्षांत, 1908 साली, अडेअर खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते कलमच रद्द केलं. म्हणणं असं, की नोकराला नोकरी सोडायचं जसं स्वातंत्र्य, तसंच मालकाला त्याला काढायचं. न्यायमूर्ती होम्स यांनी विरोधात मत दिलं. दोन्हीकडचं स्वातंत्र्य कागदावर सारखं आणि जगण्यात विषम, याचं इतकं चोख उदाहरण शोधून सापडणार नाही.

मग पहिलं महायुद्ध आलं. 1917 च्या शेवटी सरकारने रेल्वे ताब्यात घेतली, आणि 1918 मध्ये एक नवी गोष्ट केली : तंटे सोडवायला मंडळं नेमली, ज्यांत अर्धे सभासद व्यवस्थापनाचे, अर्धे संघटनांचे. संघटनांना याची चव लागली ती सुटलीच नाही. 1920 मध्ये रेल्वे पुन्हा कंपन्यांकडे गेली, नऊ जणांचं रेल्वे कामगार मंडळ आलं, पण त्याच्या हुकमाला दात नव्हते. 1922 च्या जुलैमध्ये वर्कशॉपमधले सुमारे चार लाख कामगार संपावर गेले. वेतनासाठी सुरू झालेला संप अडला कुठे, तर ज्येष्ठतेवर. परत येणाऱ्याला त्याची जुनी ज्येष्ठता द्यायला कंपन्या तयार होईनात. रेल्वेत ज्येष्ठता म्हणजे काय ते लक्षात घ्या. कोणती पाळी, कोणती गाडी, मंदीत आधी घरी कोण जाणार, सगळं तिच्यावर. वीस वर्षांच्या माणसाला यादीत तळाला टाकणं हीसुद्धा शिक्षाच, फक्त तिला आरोपपत्र नाही.

1926 चा रेल्वे कामगार कायदा हा मालक आणि संघटना यांनी मिळून लिहिला. पण शिस्तीच्या तंट्यांची मंडळं त्यात ऐच्छिक ठेवली आणि सभासद सम-समान. मतं सारखी पडली की गाडी अडली. तंटे साचत गेले. म्हणून 1934 ची दुरुस्ती : शिकागोला एक राष्ट्रीय मंडळ, 36 सभासद, 18 कंपन्यांचे, 18 संघटनांचे, हस्तकलांप्रमाणे चार विभाग. आणि मतं सारखी पडली तर बाहेरचा एक पंच. सभासदांचा खर्च ज्याचा त्याने करायचा, पंचाचं मानधन मात्र सरकार देणार. ही शेवटची गोष्ट लहान दिसते, पण काढून टाकलेल्या माणसाला लवादाची फी भरावी लागत नाही हे इतर उद्योगांत सहसा मिळत नाही. याच्या बदल्यात संघटनांनी काय सोडलं, तर अशा तंट्यांवर संप करण्याचा हक्क. तेव्हा ते इतकं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. 1957 मध्ये शिकागो रिव्हर खटल्यात ते ठरलं. एकवीस तक्रारींवरून संपाची हाक दिली होती, त्यातली एक कामावर परत घेण्याची. कोर्टाने एकमताने सांगितलं, प्रकरण मंडळाकडे गेलं की संप नाही.

आता त्या खोलीत जाऊ, कारण सगळं तिथेच घडतं. समजा एका ड्रायव्हरने लाल सिग्नल ओलांडला असा आरोप आहे. त्याला पत्र येतं : अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, अमुक घटनेची चौकशी. पत्र वेळेत आलं पाहिजे आणि आरोप नेमका पाहिजे, नाहीतर पुढे सगळंच ढासळू शकतं. खोलीत टेबलाच्या एका बाजूला चौकशी अधिकारी, कंपनीचाच. साक्षीदार बहुतेक कंपनीचेच. दुसऱ्या बाजूला तो माणूस आणि त्याच्या शेजारी संघटनेचा स्थानिक अध्यक्ष. हा काही वकील नसतो, काल-परवापर्यंत गाडीवर काम केलेला माणूस असतो. आणि जे बोललं जातं त्याचा शब्दन् शब्द लिहून घेतला जातो.

या स्थानिक अध्यक्षाचं काम काय? चौकशी अधिकाऱ्याला पटवणं नाही. त्याला पटणार नाही हे दोघांनाही माहीत असतं. तो बोलतो कोणासाठी, तर दोन वर्षांनी शिकागोत किंवा आणखी कुठे बसून हा कागद वाचणाऱ्या एका अनोळखी पंचासाठी. म्हणून तो हरकती नोंदवतो. हा साक्षीदार का बोलावला नाही? सिग्नलच्या यंत्राची नोंद कुठे आहे? हा प्रश्न विचारू दिला नाही, हे नोंदवा. कारण जे इथे म्हटलं नाही ते पुढे म्हणता येत नाही. मंडळाचा नियमच असा, की रेल्वेच्या हद्दीत जे मांडलं गेलं तेवढंच बघायचं. आणि बघायचं काय? चौकशी न्याय्य झाली का, आरोपाला ठोस पुरावा आहे का, आणि शिक्षा अवाजवी तर नाही ना. साक्षीदार खोटं बोलत होता का, हे पंच ठरवत नाही. त्याने त्याचा चेहरा पाहिलेलाच नसतो.

म्हणजे सुरुवातीला आपण जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर इथे सापडतं. निःपक्षपातीपणा या व्यवस्थेत अधिकाऱ्यामध्ये शोधायचाच नाही. तो कागदात ठेवला आहे. पहिल्या खोलीतला न्यायाधीश पक्षपाती आहे हे गृहीत धरून, त्याच्या पक्षपाताची नोंद पुढच्याकडे पोहोचेल एवढी तजवीज केली. संघटना ही व्यवस्था का सांभाळतात, याचंही हेच कारण. त्यांच्या माणसांना कोर्ट परवडत नव्हतं, आणि कागद तयार करण्यात त्यांचे अध्यक्ष पिढ्यान्‌पिढ्या तरबेज झाले होते.

पण कागदाला वेळ लागतो. एकट्या पहिल्या विभागात इतके तंटे साचले की काही दहा-दहा वर्षं पडून राहिले. सॅन दिएगो अँड अॅरिझोना ईस्टर्न रेल्वेतल्या गुंथर नावाच्या ड्रायव्हरचं प्रकरण पाहा. 1916 पासून नोकरीला. एकाहत्तरीच्या माणसाला 1954 च्या अखेरीस कंपनीच्या डॉक्टरांनी हृदयासाठी अपात्र ठरवून उतरवलं. हा शिस्तीचा मामला नव्हे, पण वाट तीच. त्याने आपला डॉक्टर आणला, तो म्हणाला माणूस ठीक आहे. मंडळाने तीन डॉक्टर नेमायला सांगितले, त्यांतल्या दोघांनी तो योग्य असल्याचं सांगितलं, आणि मंडळाने त्याला परत घ्या म्हटलं. कंपनी ऐकेना. सुप्रीम कोर्टाने मंडळाचा निर्णय कायम केला डिसेंबर 1965 मध्ये. अकरा वर्षं. ब्याऐंशीव्या वर्षी कोण इंजिनावर चढणार?

आणि इथे आमच्या मते या इतिहासातली सगळ्यात कडवट गोष्ट येते. मंडळापुढे येणाऱ्या बडतर्फीच्या प्रकरणांत एक ठरावीक निकाल वारंवार दिसतो : चूक झाली होती, पण नोकरी घेणं जरा जास्त झालं, याला ज्येष्ठतेसह परत घ्या, मागचा पगार मात्र नाही, आजवर बाहेर काढलेला काळ हीच शिक्षा समजावी. वाचायला शहाणपणाचं वाटतं. पण हिशेब करा. ब्राऊनसाहेबांना तीस दिवस बिनपगारी घरी बसवणं क्रूर वाटलं होतं, म्हणून त्यांनी वह्या आखल्या. आता दीड-दोन वर्षं बिनपगारी ही मधली, सौम्य शिक्षा झाली. आणि ती किती लांब, हे चुकीच्या आकारावर ठरत नाही, मंडळाकडे किती गर्दी आहे त्यावर ठरतं. एकाच चुकीला एकाची आठ महिने रोजी जाते, दुसऱ्याची तीन वर्षं. कुठल्याही न्यायविचारात हे बसवून दाखवा, आम्ही मान्य करू.

1966 मध्ये काँग्रेसने यावर उपाय केला. एकेका कंपनीपुरती तीन जणांची छोटी मंडळं काढता येतील, एक कंपनीचा, एक संघटनेचा, एक तटस्थ. कामाला वेग आला. आणखी एक अन्याय याच कायद्याने दूर केला : तोवर कंपनी हरली तर ती निकाल पाळायचं टाळून प्रकरण कोर्टात नेऊ शकायची, आणि कामगार हरला तर त्याला दार बंद. ते दोघांना सारखं केलं, म्हणजे दोघांनाही जवळजवळ बंद. 1972 च्या अँड्र्यूज निकालाने काढून टाकलेल्याला थेट राज्याच्या कोर्टात जाण्याची जुनी वाटही बंद झाली. त्याचा फटका शीहान नावाच्या युनियन पॅसिफिकच्या कामगाराला बसला. तो जुन्या वाटेने आधी कोर्टात गेला होता. ती वाट बंद झाल्यावर मंडळाकडे आला, तर मंडळ म्हणालं, मुदत टळली. 1978 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, मंडळाचं म्हणणं अंतिम. त्याची बाजू खरी होती की खोटी, हे या शेवटच्या फेरीत कोणी पाहिलंच नाही.

एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती. कागदावरचा न्याय त्यालाच मिळतो, ज्याच्या शेजारी त्या पहिल्या खोलीत कोणीतरी बसलेलं असतं. काळ्या कामगारांच्या शेजारी कोण बसणार? फायरमनांच्या बंधुमंडळात त्यांना सभासद होता येत नव्हतं, आणि तरी कायद्याने त्यांचं प्रतिनिधित्व तेच मंडळ करत होतं. 1940 मध्ये त्या मंडळाने आग्नेयेकडच्या 21 रेल्वे कंपन्यांना नोटीस दिली, जिचा अर्थ एवढाच की काळ्या फायरमनांना हळूहळू बाहेर काढा. लुइव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेवरचे बेस्टर विल्यम स्टील चांगल्या प्रवासी गाड्यांवर होते. त्यांना तिथून उतरवून जास्त कष्टाचं, कमी पैशांचं काम दिलं, आणि त्यांच्या जागी त्यांच्याहून कनिष्ठ गोरे आले. तक्रार कुठे करायची? शिकागोच्या मंडळाकडे, जिथे अर्ध्या खुर्च्या कंपन्यांच्या आणि अर्ध्या याच संघटनांच्या. वकील चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी प्रकरण सुप्रीम कोर्टात नेलं, आणि 1944 मध्ये कोर्टाने सांगितलं की ज्याला सगळ्यांच्या वतीने बोलायचा हक्क, त्याच्यावर सगळ्यांशी न्यायाने वागायचं कर्तव्यही आहे.

कर्तव्य सांगितलं, पण खुर्ची दिली नाही. दहा वर्षांनी, मे 1954 मध्ये, टेक्सासच्या ह्यूस्टन शहरात टेक्सास अँड न्यू ऑर्लिन्स रेल्वेने काळ्या कामगारांच्या 45 जागा रद्द केल्याचं जाहीर केलं. माणसं काढली किंवा खाली उतरवली. तक्रार अशी होती की जागा रद्द झाल्याच नाहीत, त्या गोऱ्यांना दिल्या, आणि संघटना हातावर हात ठेवून बसली. 1957 च्या कॉन्ली निकालात कोर्टाने त्यांचा दावा ऐकून घेण्याजोगा ठरवला. आमचे वकील मित्र सांगतात की हा निकाल तिकडे विद्यार्थी वेगळ्याच कारणासाठी शिकतात, दाव्याचा मसुदा किती तपशिलात लिहावा यासाठी. त्या 45 जागा त्यात कुठे राहतात कोण जाणे.

शेवटी अलीकडचं थोडं. काम करताना जखम झाली आणि ती कळवली, की कळवणाऱ्यावरच नियमभंगाचा आरोप, असा प्रकार इतका वाढला की 2007 मध्ये काँग्रेसने कायदा बदलून अशा कामगारांना मंडळाबाहेरची वेगळी वाट दिली, केंद्राच्या कामगार खात्याकडे तक्रारीची. सात दशकांनंतर त्या कागदी वाटेला पडलेला हा पहिला मोठा फाटा, असं आम्हाला वाटतं.

आणि फेब्रुवारी 2022 मध्ये बीएनएसएफ या मोठ्या रेल्वेने हजेरीची नवी पद्धत आणली. प्रत्येकाच्या खात्यावर सुरुवातीला 30 गुण. रजा पडली, बोलावल्यावर आला नाही, की गुण वजा. सलग चौदा दिवस हजर राहिलात की चार गुण परत. शून्य झाले की शिस्तीची कारवाई. सुमारे 17,000 कामगारांच्या दोन संघटनांनी संपाची तयारी केली. टेक्सासमधल्या फेडरल न्यायाधीशांनी संपाला मनाई केली. त्यांच्या मते हा करारातल्या अर्थाचा तंटा, कायद्याच्या भाषेत 'लहान' तंटा. आणि लहान तंट्यावर संप नाही, तो मंडळाकडे न्यायचा. खातं तेच आहे, ब्राऊनसाहेबांचं. फक्त तेव्हा ते शून्यापासून वर चढायचं, 2022 च्या पद्धतीत ते तिसापासून खाली उतरायचं, आणि त्यात आजारपणही मोजलं जायचं.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ.